संशोधनाचा प्रश्न ठरवताना लोक कुठे असतात?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षे एका वैद्यकीय संस्थेच्या नीतिशास्त्र समितीवर, म्हणजे माणसांवर होणारे संशोधन योग्य रीतीने होते ना हे तपासणाऱ्या आणि जिला सगळे एथिक्स कमिटीच म्हणतात त्या समितीवर, सामान्य नागरिकासाठी राखलेल्या जागेवर काम केले. नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल (माणसांवर घेतल्या जाणाऱ्या उपचारांच्या चाचण्या) यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत वैद्यकाशी संबंध नसलेली एक तरी सामान्य व्यक्ती असावी लागते. ती गैरहजर असेल तर बैठकीची गणसंख्याही पूर्ण होत नाही. कायद्याने सामान्य माणसाला दिलेला हा मान मोठा आहे आणि मला त्याचे मोल वाटते. परंतु त्या खुर्चीवर बसून जे दिसले त्यावरून माझे एक मत पक्के झाले असून ते आपल्या वाचकांपुढे मांडावे यासाठी हे पत्र लिहीत आहे. देशाच्या आरोग्य-संशोधनात आपण लोकांना फार उशिरा बोलावतो. कशाचा शोध घ्यायचा, कोणावर घ्यायचा, किती काळ घ्यायचा आणि त्यातून काय मोजायचे हे सगळे ठरून गेल्यावर सही करण्यासाठी किंवा सहीचा कागद तपासण्यासाठी त्यांची आठवण होते. हा क्रम बदलल्याशिवाय लोकसहभाग या शब्दाला अर्थ येणार नाही.

माझ्या वाट्याला मुख्यतः मराठी संमतिपत्रे तपासण्याचे काम आले, कारण मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले होते. ती बहुतेक इंग्रजीवरून उतरवलेली असत. ‘आपले यादृच्छिकीकरण करण्यात येईल’ असे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाच ते दोनदा वाचावे लागले. ज्या रुग्णाच्या हाती तो कागद जाणार होता, त्याला आपल्यावर कसलीशी शस्त्रक्रिया होणार आहे असे वाटले असते तरी त्याला दोष देता आला नसता. चिठ्ठ्या टाकून ठरवतात त्याप्रमाणे तुम्हाला कोणते औषध मिळेल हे संगणक ठरवील, डॉक्टर ठरवणार नाहीत, असे लिहा एवढे मी सुचवले. ‘प्लासिबो’ या शब्दापुढे ‘दिसायला औषधासारखी, पण औषध नसलेली गोळी’ असे लिहायला लावले. ‘प्रतिकूल घटना’ याऐवजी ‘त्रास झाला तर’ असे घातले. संशोधकांनी या सूचना मोकळ्या मनाने स्वीकारल्या, हे मी आवर्जून नोंदवते. त्यांच्यात आडमुठेपणा नव्हता. पण अठरा पानांच्या त्या कागदातले शब्द बदलताना मला सतत जाणवत राहायचे की आपण घराच्या उंबरठ्यावर रांगोळी काढतो आहोत आणि घर मात्र कधीच बांधून झालेले आहे. रुग्णाने दर पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटी यायचे, हे आराखड्यात ठरलेले असे. लांबून एसटीने येणाऱ्या, रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला ते कसे जमेल, हा प्रश्न आराखडा तयार होताना कोणी विचारलाच नव्हता, कारण विचारू शकेल असा माणूस त्या वेळी खोलीत नव्हता. आमच्यापुढे प्रस्ताव येईपर्यंत निधी मंजूर झालेला असे. मग समितीला फार तर प्रवासखर्च वाढवून देण्यास सांगता येई.

अशाच एका अभ्यासात सहभागी झालेल्या एक बाई, अभ्यास संपून वर्ष उलटल्यावर, संस्थेत दुसऱ्या कामासाठी आल्या होत्या. त्यांना मी समितीवर आहे हे कळले तेव्हा त्यांनी मला थांबवून विचारले, ‘बाई, मला दिलेली गोळी खरी होती का खोटी, आणि त्याचं पुढे काय निघालं?’ दोन वर्षे त्यांनी रक्त दिले होते, प्रश्नावल्या भरल्या होत्या, एकही फेरी चुकवली नव्हती. त्यांचा प्रश्न मी बैठकीत मांडला. निष्कर्ष एका इंग्रजी नियतकालिकात छापून आले आहेत, असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. पण ज्यांच्या शरीरावर तो अभ्यास झाला त्यांच्यापर्यंत चार ओळीही पोहोचल्या नव्हत्या, आणि पोहोचवणे हे कोणाचे काम आहे हेही आराखड्यात लिहिलेले नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवावा? हा शास्त्रज्ञांचाच अधिकार आहे असे पुष्कळ सुजाण लोकांनाही वाटते आणि मलाही पूर्वी तसे वाटे. पण याबाबतचा पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. ब्रिटनमधील काही संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातावर झालेले संशोधन आणि त्या रुग्णांना हवे असलेले संशोधन यांची तुलना करून २००० साली ती ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. प्रत्यक्षात झालेल्या संशोधनात औषधांचा वाटा सर्वांत मोठा होता. रुग्णांना मात्र सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आणि दुखण्यासह जगायचे कसे याचे शिक्षण व सल्ला यांविषयी अधिक जाणून घ्यायचे होते. दुसरे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. आमवाताच्या उपचारांचा परिणाम कसा मोजावा हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने, ओमेरॅक्टने, २००२ च्या परिषदेत पहिल्यांदा रुग्णांना बोलावले. तज्ज्ञ तोवर सुजलेले सांधे मोजत होते, दुखणे मोजत होते, रक्तातले घटक मोजत होते. रुग्णांनी सांगितले की आमचा दिवस खातो तो थकवा, आणि तो तर तुम्ही मोजतच नाही. पुढच्या काही वर्षांत त्यावर अभ्यास झाले आणि आमवाताच्या चाचण्यांमध्ये शक्य तेथे थकवाही मोजावा यावर एकमत झाले. इतकी वर्षे इतके हुशार लोक ज्या गोष्टीजवळून जात होते, ती आजारी माणसांना पहिल्याच भेटीत सांगता आली.

या जाणिवेतूनच ब्रिटनमध्ये २००४ साली जेम्स लिंड अलायन्स हा उपक्रम सुरू झाला. एखाद्या आजाराचे रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे घरचे लोक आणि उपचार करणारे वैद्यक एकत्र बसतात, ज्यांची उत्तरे अजून मिळालेली नाहीत अशा प्रश्नांची यादी करतात आणि त्यांतले पहिले दहा निवडतात. निधी देणाऱ्यांपुढे ती यादी जाते. इयान चाल्मर्स आणि पॉल ग्लाझिऊ या संशोधकांनी २००९ मध्ये असा अंदाज मांडला की आरोग्य-संशोधनावर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे ८५ टक्के खर्च वाया जातो. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी पहिलेच कारण, रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचे नसलेले प्रश्न निवडणे, हे होते. निष्कर्ष प्रसिद्धच न करणे हे आणखी एक. आकडा थोडा कमी-जास्त धरला तरी, ज्या देशात आरोग्यावरचा प्रत्येक रुपया मोजून खर्च करावा लागतो त्या देशाने याचा विचार श्रीमंत देशांच्या आधी करायला हवा होता.

लोकांच्या जगण्यातून प्रश्न घेतला की काय घडते हे आपल्याकडे कोणी पाहिलेले नाही असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये दाखवून दिले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्या काळी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई. ज्या दुखण्याबद्दल बायका एकमेकींशीच बोलत, ते या अभ्यासामुळे जगाच्या वैद्यकीय चर्चेत आले. पुढे त्याच जिल्ह्यात गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग झाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण, प्रयोग न झालेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांच्यामागे हे काम आहे.

याहून जुने एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही याचे आश्चर्यही वाटते. क्षयाच्या रुग्णाला सॅनिटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांसाठीच्या खास रुग्णालयात, ठेवल्याशिवाय तो बरा होत नाही आणि घरी ठेवले तर घरच्यांना धोका, अशी १९५० च्या दशकात जगभर समजूत होती. आपल्याकडे तेवढ्या खाटाच नव्हत्या. मद्रासमध्ये १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक चाचणी सुरू केली. शहरातल्या गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच, तीच औषधे वर्षभर दिली. घरच्या रुग्णांना पुरेशी विश्रांती नव्हती, त्यांचा आहार निकृष्ट होता. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे आढळले, आणि घरच्या माणसांना अधिक लागण झाल्याचेही दिसले नाही. क्षयरोग्याला घरादारापासून तोडण्याची गरज नाही, हे जगाला या कुटुंबांनी शिकवले. घरी येणाऱ्या आरोग्यसेविकांना दार उघडून देणारी, गोळ्या मोजू देणारी, पुढे पाच वर्षे तपासण्या करू देणारी ही माणसे होती. त्या अभ्यासाच्या वैज्ञानिकांची नावे ग्रंथांत आहेत आणि ती असायलाच हवीत. या कुटुंबांचा उल्लेख मात्र संख्येपुरता आहे.

लोकांचे हे देणे आजही थांबलेले नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ लाख ३६ हजारांहून अधिक घरांनी आपली माहिती दिली. सरकारी योजनांमध्ये, अर्थसंकल्पाच्या चर्चांत, अग्रलेखांत आपण जे आकडे वापरतो ते या घरांच्या ओसरीवर गोळा झालेले असतात.

निष्कर्ष लोकांपर्यंत न पोहोचल्याने काय होते याचा धडा करोनाने दिला, आणि तो फार दुखरा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ‘प्लासिड’ नावाची चाचणी घेतली. करोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा हा द्रव भाग दिल्याने मध्यम स्वरूपाच्या आजाराचे रुग्ण वाचतात का, हा तिचा प्रश्न होता. देशातल्या ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्ण, त्या भीतीच्या दिवसांत, तिच्यात सहभागी झाले. प्लाझ्मामुळे आजार बळावणे किंवा मृत्यू टळत नाही, हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या देशातील संशोधकांनी आणि रुग्णांनी मिळून, ऐन साथीत, साऱ्या जगाला उपयोगी पडेल असे उत्तर दिले होते. तरीही २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, घराघरांतून प्लाझ्मासाठी आकांत चालला होता. मोबाइलवर रात्रंदिवस विनवण्या फिरत होत्या, नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारांत उभे होते. उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. त्या मधल्या महिन्यांत धावपळ करणाऱ्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितलेच नव्हते, आणि त्यांच्यासारख्याच ४६४ रुग्णांनी हे उत्तर शोधून दिले आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हते. याच्या उलट अमेरिकेतील १९५४ ची पोलिओ लशीची चाचणी पाहावी. तिच्यासाठी लोकांनी नाणी जमवून पैसा उभा केला होता, सुमारे १८ लाख मुले तिच्यात सामील झाली, त्या मुलांना ‘पोलिओ पायोनिअर’ असे लिहिलेले बिल्ले आणि कार्डे मिळाली, आणि १२ एप्रिल १९५५ रोजी निष्कर्ष जाहीर झाले ते सगळ्या देशाला एकाच दिवशी कळले.

विश्वास एकदा तुटला की काय होते याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरील लस २००९ मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना एका अभ्यास-प्रकल्पात देण्यात आली. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता दिसली नाही. परंतु संमती कशी घेतली गेली हे तपासल्यावर आढळले की अनेक मुलींच्या अर्जांवर आईवडिलांऐवजी मुख्याध्यापकांनी आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. मी स्वतः शाळेत आयुष्य घालवले असल्यामुळे हे वाचताना मला अतिशय वाईट वाटले. मुख्याध्यापकांना आपण चांगलेच काम करतो आहोत असे वाटले असेल, यात मला शंका नाही. पण आईबापांना विचारण्याचा कंटाळा केला गेला आणि त्याची किंमत त्या लशीला, म्हणजे पर्यायाने स्त्रियांनाच मोजावी लागली. लस चांगली असूनही तिच्याविषयीचा संशय पुढे कित्येक वर्षे मागे लागला. गावातल्या आयांना आधी एकत्र बसवून, हा कर्करोग म्हणजे काय, लस कशासाठी, तुमच्या शंका काय, असे विचारले असते तर कदाचित अभ्यासाची आखणीच वेगळी झाली असती.

नियमच नाहीत अशी माझी तक्रार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समाजाला संशोधनात सहभागी करून घेण्याविषयी स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्यासाठी समाजाच्या सल्लागार मंडळांचाही उल्लेख आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत एचआयव्हीविषयक चाचण्यांच्या काळात अशी मंडळे प्रत्यक्ष कामही करत होती. क्लिनिकल ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद रुग्ण घेण्याआधीच करणे सक्तीचे झाले. ही नोंदवही कोणालाही पाहता येते, ही मोठी गोष्ट आहे. पण ती इंग्रजीत आहे आणि शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी लिहिलेली आहे. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने संशोधनाआधी, संशोधन चालू असताना आणि संपल्यावरही सहभागी व्यक्ती व समाज यांच्याशी अर्थपूर्ण संवाद असावा असे म्हटले आहे, आणि इंग्रजीत वर्षानुवर्षे वापरला गेलेला, ‘ज्याच्यावर प्रयोग होतो तो’ अशा अर्थाचा शब्द काढून त्या जागी ‘सहभागी’ हा शब्द घातला आहे. आपण मान्य केलेली ही तत्त्वे आणि प्रत्यक्ष निधीवाटप यांच्यात जे अंतर आहे ते मिटवण्याचा उपाय माझ्या मते अगदी साधा आहे. सरकारी पैसा मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात एक प्रश्न अनिवार्य करावा: हा आजार असलेल्या कोणत्या लोकांशी तुम्ही आखणीपूर्वी बोललात, त्यांनी काय सांगितले आणि त्यामुळे आराखड्यात काय बदलले? ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेकडे निधीसाठी अर्ज करणाऱ्यांना असे उत्तर द्यावेच लागते, आणि तेथे या कामाला वाहिलेला सल्लागार गट १९९६ पासून होता. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने रुग्णकेंद्री संशोधनासाठी निधी देणारी स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली. उत्तर कोरे असेल तर प्रस्ताव परत जावा.

लोकांना बोलवायचे तर त्यांना आधारही द्यावा लागेल. बैठकीला आलेल्या डॉक्टरांचा तो दिवस नोकरीत धरला जातो, शेतमजूर बाईची मात्र मजुरी बुडते. प्रवासखर्च, बुडालेला रोज, लहान मूल सांभाळायला कोणी, चालता न येणाऱ्याला वाहन आणि कागद आठवडाभर आधी समजेल अशा भाषेत, एवढे दिल्याशिवाय ज्यांचे ऐकायला हवे ते येणारच नाहीत आणि माझ्यासारखे पेन्शनर तेवढे येतील. हे मी स्वतःला लावून सांगते. मी शिकलेली, वेळ असलेली, बऱ्यापैकी निरोगी बाई होते. मधुमेहाच्या अभ्यासावर मी मत देत होते आणि मला मधुमेह नव्हता. समितीवर एकाच सामान्य सदस्याला बसवले की तो संकोचतो, हेही मी अनुभवले आहे. दहा तज्ज्ञांपुढे मला हे समजले नाही असे म्हणायला पहिले सहा महिने माझी जीभ उचलत नव्हती. दोन सामान्य सदस्य असावेत, त्यांना सुरुवातीला नीट प्रशिक्षण मिळावे आणि प्रश्न विचारणे हे त्यांचे कामच आहे असे अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत सांगावे. आमच्या अध्यक्षांनी मला ते दुसऱ्या वर्षी सांगितले, आणि त्यानंतर मी बोलू लागले.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. लोकांच्या मागणीवर संशोधन चालले तर उद्या ज्या उपायाचा बोलबाला असेल त्याच्यामागे पैसा जाईल, पुरावा मागे पडेल. प्लाझ्माची कथा याही बाजूने वाचता येते. म्हणून मी निष्कर्ष लोकांनी ठरवावेत असे म्हणत नाही. औषध लागू पडते की नाही हे मतदानाने ठरत नाही आणि ठरू नये. प्रश्न कोणता, त्याचे उत्तर शोधताना माणसांवर किती भार टाकायचा, काय मोजायचे आणि मिळालेले उत्तर कोणाला सांगायचे, हे चार विषय लोकांचे आहेत. मधली पद्धत आणि गणित शास्त्रज्ञांचे. लोकांना विज्ञान झेपणार नाही, हा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांनी आणि त्यांच्या मित्रांनी विषाणुशास्त्र व चाचण्यांचे आराखडे स्वतः शिकून घेतले, १९८८ मध्ये औषध प्रशासनाच्या दारात निदर्शने केली आणि पुढे चाचण्यांची आखणी करणाऱ्या समित्यांमध्ये जागा मिळवल्या. जिवाशी गाठ असली की माणूस शिकतो. लोकसहभागाचा उपयोग सिद्ध झाला आहे का, असेही विचारले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या अभ्यासात, दिसले की अशा सहभागामुळे चाचण्यांत नाव नोंदवणाऱ्यांचे प्रमाण वाढते, वाढ मोठी नसते, पण तो आजार स्वतः भोगलेली माणसे आखणीत असतील तेव्हा ती अधिक असते. हा पुरावा बेताचा आहे हे मी लपवत नाही. परंतु रुग्णाला विचारण्यासाठी केवळ नावनोंदणी वाढते एवढेच कारण पुरेसे किंवा आवश्यक आहे असे मला वाटत नाही. शरीर त्याचे आहे, आणि सरकारी संशोधनातला पैसाही त्याचाच आहे.

माहितीच्या साठ्यांचा प्रश्न यापुढे अधिक टोकदार होईल. जीनोम इंडिया प्रकल्पातून दहा हजार भारतीयांच्या जनुकीय आराखड्यांची माहिती संशोधनासाठी उपलब्ध झाली आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सवलत आहे. त्या अटी राबवताना देखरेखीच्या मंडळांवर माहिती देणाऱ्यांपैकी कोणी तरी असावे, एवढी मागणी मला वाजवी वाटते.

शेवटी एक विनंती खास आपल्या वृत्तपत्राला. देशात पूर्ण झालेल्या एखाद्या आरोग्यविषयक अभ्यासाचा निष्कर्ष दर आठवड्याला दीडशे शब्दांत, साध्या मराठीत छापावा: प्रश्न काय होता, किती लोक सहभागी झाले, काय निघाले, आणि ‘काहीच फरक पडला नाही’ असे निघाले असेल तर तेही ठळकपणे. यासाठी लागणाऱ्या शब्दांची एक वही मी समितीवर असताना तयार केली होती. तिच्यात डाव्या बाजूला संमतिपत्रांतले शब्द आहेत आणि उजव्या बाजूला रुग्णांनी, परिचारिकांनी आणि वॉर्डातल्या मावशींनी सुचवलेले. ‘यादृच्छिकीकरण’ पहिल्या पानावर आहे. ही वही मी आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या टपालाने पाठवत आहे. संशोधकांना आणि अनुवादकांना ती मोफत वापरू द्यावी आणि वाचकांना त्यांतले जे शब्द पटणार नाहीत त्यांच्या जागी त्यांनी सुचवलेले छापावेत.

आपली,
नीतिशास्त्र समितीची एक माजी सामान्य सदस्य